आजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलं तर: ट्रंकेपासून पावतीपर्यंत

आजोबा होते तोवर खंडेनवमीला कोयते, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी एक जडशीळ रिव्हॉल्व्हरही पाटावर यायचं. त्याला हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं, आणि संध्याकाळी पुन्हा तेलाच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत. २००८ साली आजोबा गेले. ट्रंकेची किल्ली कुठे गेली कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी शोधलीही नाही. २०२१ मध्ये माडीची कौलं उतरवायला घेतली तेव्हा ट्रंक खाली आली, कुलूप तोडलं, आणि घरातली चार मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

त्यानंतरचे आठ महिने मी या एका वस्तूपायी खानापूर–बेळगाव फेऱ्या मारल्या. आपल्या पट्ट्यात, म्हणजे खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणीकडच्या मराठी घरांत हे प्रकरण वाटतं तितकं दुर्मीळ नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे गावोगाव सुभेदार, जमादार, हवालदार. शिवाय देसाई, इनामदार, पाटील यांच्या वाड्यांत राखणीची परवान्याची हत्यारं. म्हातारा माणूस जातो, हत्यार घरात राहतं, आणि परवाना मात्र त्याच्याबरोबर संपलेला असतो. हे आमच्या लक्षात यायला तेरा वर्षं लागली.

मी वकील नाही. जे केलं, जे चुकलं आणि जे शिकलो तेवढं सांगतो.

## १. हात लावायच्या आधी

ते भरलेलं आहे असंच समजा. गंजलेलं असलं, "आजोबांनी कधीच काडतुसं काढून ठेवली होती" असं आजी छातीठोकपणे सांगत असली, तरीही.

आमच्या थोरल्या काकांनी "अरे, यात आता काय राहिलंय" म्हणत अंगठ्याने घोडा मागे ओढला. तो अर्ध्यावर अडकला. ना पुढे, ना मागे. दोन दिवस ते तसंच टेबलावर पडून होतं आणि त्या खोलीत कुणी झोपलं नाही. पुढे पोलिसांच्या आर्मररने, म्हणजे हत्यारं तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या माणसाने, ते उघडलं तेव्हा चक्रीच्या सहा घरांपैकी दोनांत काडतुसं निघाली.

म्हणून: चाप, घोडा, चक्री कशालाच बोट लावायचं नाही. नळीच्या तोंडाकडून आत डोकावायचं नाही. खोलीला कुलूप, मुलं बाहेर. सुटी काडतुसं सापडली तर ती पुसू नका, उन्हात ठेवू नका, आणि "बसतात का बघू" म्हणून चक्रीत तर मुळीच घालू नका.

दुसरी गोष्ट, साफसफाई. धाकट्या काकांनी माझ्या नकळत पॉलिश पेपर घेऊन एक बाजू चकचकीत केली. त्या बाजूला कंपनीचा शिक्का होता. आता तिथे एक गुळगुळीत खळगा आहे आणि त्यात एका पंखाचं टोक दिसतं. जुन्या हत्याराची ओळख म्हणजे त्यावरचे ठसे, आणि ते ठसे केसाच्या जाडीइतके उथळ असतात. चिंच, लिंबू, रॉकेल, तारेचा ब्रश यातलं काहीही नको. हळदकुंकवाचे थर साचले असतील तर ते तसेच राहू द्या.

आणि शेजारी सल्ला देतीलच: "मार्कंडेय नदीत टाका, विषय संपला." विषय संपत नाही. ते कुणाला तरी सापडतं, त्यावर नंबर असतो, आणि नंबर सरकारी वहीत आजोबांच्या नावापुढे असतो.

## २. फोटो काढा, जागेवरच

हत्यार ज्या फडक्यावर पडलंय तिथेच, न उचलता. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा म्हणजे लांबीचा अंदाज येतो. फ्लॅश बंद करा, त्याने लोखंड पांढरं पडतं आणि अक्षरं उडून जातात. दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च अगदी खालून, तिरका धरायला सांगा. तिरक्या उजेडात ठशाच्या खाचांमध्ये सावली पडते आणि डोळ्याला न दिसणारं अक्षर फोटोत वाचता येतं. आमच्याकडे सरळ उजेडात नुसता गंज दिसत होता, आडव्या टॉर्चमध्ये चार आकडे उमटले.

एकच बाजू मिळाली तर एकच. दुसऱ्या बाजूसाठी उलटं करण्याचा मोह टाळा, ते काम पुढे आर्मररसमोर होतं.

हे फोटो तुमच्यापुरते, फार तर वकिलापुरते. भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, खंडेनवमीच्या स्टेटसवर टाकू नका. बिनपरवाना हत्याराचा फोटो स्वतःच्या नावाने फिरवणं म्हणजे आपण होऊन पुरावा देणं.

## ३. लोखंडापेक्षा कागद जास्त बोलतात

माझं आजचं मत असं की रिव्हॉल्व्हरची निम्मी ओळख ट्रंकेच्या तळाशी असते. सगळे कागद बाहेर काढा. शोधायचं ते हे:

- परवान्याची पुस्तिका. मेक (बनवणारी कंपनी), बोअर (नळीच्या आतल्या भोकाचं माप), नंबर, काडतुसांची मर्यादा आणि नूतनीकरणाचे शिक्के सगळं यात असतं.
- खरेदीची पावती किंवा दुकानदाराने पुस्तिकेत केलेली नोंद.
- काडतूस खरेदीच्या नोंदी. बोअर ओळखायला याहून सोपा कागद नाही.
- निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा केल्याच्या पोलीस ठाण्याच्या चिठ्ठ्या. लोक त्या रद्दी म्हणून टाकतात, पण त्यांवर नंबर लिहिलेला असतो.
- आजोबा सैन्यात असतील तर त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक.

डिस्चार्ज बुकाने आमच्याकडे वेगळीच मजा केली. घरातली कथा अशी की आजोबांनी इटलीत एका जर्मन अधिकाऱ्याला पकडलं आणि हे त्याचं रिव्हॉल्व्हर. लहानपणापासून ही कथा मी शाळेत, कॉलेजात, लग्नात सगळीकडे सांगितली होती. मराठा पलटणी इटलीत लढल्या, नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे सगळं खरंच आहे. पण आमच्या आजोबांच्या पुस्तकात इराक होता, इटली नव्हती. आणि परवान्याच्या पुस्तिकेत १९५२ सालची नोंद होती: पुण्यातल्या एका दुकानातून, रोख रकमेने, रीतसर खरेदी. कथा गेली याचं काकांना वाईट वाटलं. मला मात्र हायसं वाटलं, कारण दुकानाच्या नोंदीमागे कायदा उभा राहतो, जर्मन अधिकाऱ्यामागे नाही.

पुस्तिका सापडली नाही तरी हातपाय गाळू नका. परवान्यांची नोंदवही परवाना देणाऱ्या कार्यालयात आणि गावच्या पोलीस ठाण्यातही असते. नाव, गाव आणि अंदाजे साल एवढ्यावर शोध घेण्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस.

इथे आपल्या भागातली खास गुंतागुंत लक्षात ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मात्र तिकडे, कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे चंदगडच्या एखाद्या आजोबांचा १९५० चा परवाना बेळगावच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटचा असू शकतो, आणि नातू आज कोल्हापूरला अर्ज करतोय. अशा वेळी अर्जात "मूळ परवाना तत्कालीन मुंबई राज्य, बेळगाव जिल्हा" असं स्पष्ट लिहा आणि पडताळणीचं पत्र त्या कार्यालयातून इकडे पाठवावं अशी विनंती करा. स्वतः फाइल शोधत हिंडू नका, मी हिंडलो.

## ४. पोलिसांना कळवणं

घाबरवणारी पायरी हीच. तरी ओळख पूर्ण पटायची वाट न बघता करायची.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की हत्यार बाळगणं कोणत्याही कारणाने बेकायदा झालं की ते विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. परवानेदाराचा मृत्यू हे तसंच कारण. उलट परवान्याशिवाय घरात ठेवल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. प्रतिबंधित प्रकारातलं (ते कोणतं, हे सहाव्या भागात) असेल तर सात ते चौदा वर्षं. हे आकडे वाचल्यावर आमच्या घरातली "राहू दे, आजोबांची आठवण आहे" ही चर्चा एका मिनिटात थांबली.

आम्ही आधी ओळखीच्या वकिलाशी बोललो, मग साधा एक पानी अर्ज केला: आजोबांचं नाव, मृत्यूची तारीख, परवान्याचा क्रमांक, ट्रंक कधी आणि कशी उघडली, आणि हत्यार सध्या कुठे आहे. अर्जाची पोच घेतली. हत्यार पिशवीत घालून बसने नेलं नाही. ठाण्यात सांगितलं, "त्याचा घोडा अडकलाय, तुम्हीच माणूस पाठवा." दुसऱ्या दिवशी दोघं आले, पंचनामा झाला, आजीने चहा केला.

उशीर का झाला हा प्रश्न येणार. खरं उत्तर द्या. किल्ली हरवली होती, आम्ही दुर्लक्ष केलं. "काल परवाच कळलं" अशी गोष्ट रचलीत तर प्रत्येक भावाला वेगळं विचारतात आणि चार गोष्टी तयार होतात.

सीमेवरच्यांनी आणखी एक पथ्य पाळावं. हत्यार गडहिंग्लजच्या घरी आहे आणि वारस बेळगावात, किंवा उलट, तर ते गाडीच्या डिकीत घालून इकडून तिकडे आणू नका. कागदोपत्री ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिनपरवाना वाहतूक होते. जिथे सापडलं तिथल्याच ठाण्यात जमा करा. आणि कुणी "कर्नाटकात जुन्या घराण्यांना सूट आहे" म्हणालं तर ती सूट कोडगूतल्या (कूर्गमधल्या) कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा या वंशपरंपरागत जमिनीच्या धारकांना आहे. खानापूरच्या देसायांना नाही, कितीही जुना वाडा असला तरी.

## ५. ठसे वाचणं

आता मूळ विषय. जिल्हा सशस्त्र राखीव दलाचा, म्हणजे डीएआरचा, आर्मरर हत्यार तपासतो तेव्हा तिथे हजर राहण्याची विनंती करा. आमचे आर्मरर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी ते हातात घेतलं, एकदा फिरवलं आणि म्हणाले, "इदु जर्मन अल्ल री." हे जर्मन नाही हो. माझ्या कन्नडची परीक्षा तिथेच संपली, पुढचं त्यांनी खडू घेऊन दाखवलं. ठशावर खडू फिरवायचा, बोटाने हलकेच पुसायचं, खाचेत पांढरं राहतं.

सुरुवात घडणीपासून करा. रिव्हॉल्व्हर उघडतं कसं? तीन मुख्य प्रकार:

मधून मोडणारं. नळी आणि चक्री पुढे खाली झुकते, बंदूक मोडावी तशी. वेब्ली आणि एनफिल्ड ही ब्रिटिश घराणी बहुतेक याच पद्धतीची. आपल्याकडे सापडणाऱ्यांत हाच प्रकार जास्त.

चक्री बाजूला येणारं. सांगाडा अखंड, चक्री डावीकडे बाहेर पडते. कोल्ट, स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपन्यांची घडण.

अखंड सांगाडा, बाजूला छोटी खिडकी. एकेक काडतूस त्या खिडकीतून. आखूड नळीची जुनी "बुलडॉग" रिव्हॉल्व्हरं अशी. वेब्लीने हे नाव १८७२ च्या सुमाराला आणलं आणि बेल्जियमच्या कारखान्यांनी त्याच्या नकलांचा पूर आणला.

मग खुणा. पंख असलेली गोळी म्हणजे वेब्ली. मागच्या पायांवर उभा घोडा म्हणजे कोल्ट. एकमेकांत गुंतलेली इंग्रजी एस आणि डब्ल्यू म्हणजे स्मिथ अँड वेसन. पण जपून, स्पेनच्या ऐबार गावातल्या कारखान्यांनी दुरून तसंच दिसणारं चिन्ह मारून हजारो नकला विकल्या. लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं, कधी वर मुकुट, म्हणजे बेल्जियममधल्या लीज शहराच्या तपासणीचा शिक्का.

मोठा गोंधळ इथेच होतो: तपासणीचा शिक्का हा बनवणाऱ्याचा शिक्का नव्हे. मुकुटाखाली इंग्रजी एन-पी असेल तर त्याचा अर्थ एवढाच की ब्रिटनमधल्या प्रूफ हाउसने ते धूरविरहित दारूसाठी तपासलं. बर्मिंगहॅमचे बी-पी, बी-व्ही हेही तसेच. तसंच नळीवर ठळक, सुंदर अक्षरांत "मँटन, कलकत्ता" किंवा "रॉड्डा, कलकत्ता" किंवा "आर्मी अँड नेव्ही" कोरलेलं असलं तर ती विकणारी पेढी. आमच्या मामाकडे निपाणीला वर्षानुवर्षं "कलकत्ता मेड" म्हणून जे सांगितलं जायचं ते निघालं वेब्लीचंच, नाव फक्त दुकानाचं.

तिसरी खूण बाणाची. रुंद टोकाचा छोटा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. त्याखाली इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने ते सेवेतून काढून विकलं. नुसता एक बाण आणि घरात विक्रीचा कागद नाही, अशी स्थिती असेल तर पहिली भेट वकिलाची घ्या. सरकारी रिव्हॉल्व्हर निवृत्तीची भेट म्हणून घरी येत नसे.

नंबर कुठे असतो? वेब्लीत साधारण चापाच्या वरच्या भागात सांगाड्यावर, स्मिथ अँड वेसनमध्ये मुठीच्या तळाला. लाकडी किंवा व्हल्कनाइटची (कडक रबराची) मूठ आहे तिच्या खालीही ठसे लपलेले असतात. स्क्रू आर्मररनेच काढावा. आमच्याकडे पॉलिश पेपरने गेलेलं निम्मं तिथे सापडलं. फसवणारे आकडे तीन: पेटंटचा नंबर, पेटंटची तारीख आणि चक्रीवरचा जुळणीचा नंबर. पेटंटची तारीख म्हणजे बनावटीचं साल नव्हे, रिव्हॉल्व्हर त्यानंतर कितीही वर्षांनी बनलेलं असू शकतं.

आमच्या रिव्हॉल्व्हरवर शेवटी तीन गोष्टी वाचल्या गेल्या: "मार्क फोर", ".३८" आणि "वॉर फिनिश". तिसऱ्याने मला हसू आलं. दुसऱ्या महायुद्धात घाई इतकी होती की वेब्ली कंपनीला झिलई करायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी ओबडधोबड मालावर तसा ठसाच मारून टाकला: ही युद्धकाळातली घडण आहे, आम्हाला नावं ठेवू नका. आजोबा ज्याला "खास जर्मन काम" म्हणायचे तो हा खडबडीतपणा.

नंबर मात्र जुळेना. पुस्तिकेत एक आकडा ७, लोखंडावर १. अर्धा दिवस यात गेला. मग आर्मररांनीच पुस्तिकेतली एक आधीची तारीख दाखवली. त्या कारकुनाने १९५१ मधले दोन्ही १ डोक्याला लांब शेपूट काढूनच लिहिले होते. त्याचा १ तसाच होता. हा खुलासा त्यांनी अहवालात लिहून दिला. तो लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

कुठलाच ठसा नसेल, किंवा कंपनीच्या नावातच स्पेलिंगची चूक असेल, तर ते बहुधा देशी बनावटीचं आहे. नंबर नसलेल्या हत्याराच्या परवान्याची आशा धरू नका.

## ६. बोअर: इथे वाट फुटते

कंपनीचं नाव गप्पांना उपयोगी. फाइल कुठे जाणार ते ठरवतं बोअर.

शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत प्रतिबंधित प्रकार दिलेत. त्यात .३८० किंवा .४५५ ची कडेवाली (बुडाची कड बाहेर आलेली) काडतुसं, अथवा सैनिकी ९ मिमी किंवा .४५ ची बिनकडेची काडतुसं जी घेऊ शकतात अशी सगळी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं येतात. साध्या भाषेत, ब्रिटिश सैन्याची जुनी रिव्हॉल्व्हरं जवळजवळ सगळी यात बसतात. पहिल्या महायुद्धातलं वेब्ली मार्क सिक्स .४५५ चं. १९३२ पासूनचं एनफिल्ड नंबर टू .३८० चं. अशांचे परवाने जिल्ह्यात होत नाहीत, प्रकरण केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातं.

उलट .३२, ज्याला सगळे बत्तीस बोअर म्हणतात, ते अप्रतिबंधित. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर याच बोअरचं, आणि त्याची घडण वेब्ली मार्क फोरवरूनच घेतलेली. म्हणजे दिसायला भाऊ, कायद्याला दोन वेगळ्या जाती.

सापळा आहे तो अडतीसमध्ये. परवान्यात नुसतं ".३८" लिहिलेलं असतं. पण .३८ नावाची एकाहून जास्त काडतुसं आहेत. वेब्ली आणि एनफिल्ड घेतात ते आखूड काडतूस म्हणजेच .३८०, अमेरिकन.३८ स्पेशल त्याहून लांब आणि वेगळं. पट्टी लावून मोजायला जाऊ नका, नावातला आकडा आणि खरा व्यास जुळतोच असं नाही. आर्मररच्या अहवालात "कोणतं काडतूस घेऊ शकतं" हे वाक्य स्पष्ट लिहून आलं की पुढचे वाद टळतात.

आमचं .३८०. मामेभावाचं निपाणीचं .३२. त्याचं काम जिल्ह्यात झालं. आम्ही दिल्लीचा नाद सोडला, त्याबद्दल खाली.

## ७. "जुनं आहे, परवाना कशाला?"

हे मला किमान दहा जणांनी सांगितलं, त्यात एक निवृत्त मास्तरही होते. कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सूट आहे खरी. पण तिला अट आहे: ते दुरुस्तीशिवाय किंवा दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. आमचं अडकलेल्या घोड्याचं रिव्हॉल्व्हर आर्मररांनी वीस मिनिटांत सोडवलं. गंज म्हणजे सूट नव्हे. आणि ते ठरवायचं तुम्ही नाही, तज्ज्ञाने, लेखी.

ते शंभर वर्षांपेक्षा जुनं निघालं तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. लंडनच्या लिलावात किती मिळतील याचा हिशेब घालू नका.

## ८. वारसाच्या नावावर करायचं असेल तर

२०१६ च्या नियमांतला नियम २५ वारसांसाठी आहे. परवानेदाराच्या मृत्यूनंतर पात्र वारसाला परवाना मिळू शकतो. परवानेदार ७० वर्षांचा झाला किंवा त्याने हत्यार २५ वर्षं बाळगलं असेल तर तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. तुमच्या घरी आजोबा अजून आहेत? मग हा लेख बाजूला ठेवा आणि आजच त्यांच्याशी बोला, निम्मी पायपीट वाचेल.

मामेभावाला लागलेले कागद:

- मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना पुस्तिका
- पोलीस ठाण्याची किंवा विक्रेत्याची जमा पावती
- नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) वंशावळीचा दाखला (तिथे "वंशवृक्ष" म्हणून मागा)
- बाकी सगळ्या वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र
- आधार, पॅन, फोटो, राहण्याचा पुरावा
- एस-३ नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र
- शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- ए-१ नमुन्यातला अर्ज
- आर्मररचा अहवाल

अर्ज बेळगाव शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तालयाकडे, बाकी जिल्ह्यात डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात. पुढे पोलीस चौकशी होते. परवाना झाला की त्याला युआयएन, म्हणजे परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला का बघा. दोनपेक्षा जास्त हत्यारं एकाच्या नावावर राहत नाहीत, आणि वारशाचं हत्यारही त्या दोनांतच मोजतात.

आत्यांना विसरू नका. मुलीही वारस आहेत आणि त्यांची सही लागते. मामेभावाची एक आत्या कोल्हापूरला, तिचं प्रतिज्ञापत्र महाराष्ट्राच्या स्टॅम्प पेपरवर मराठीत. इकडच्या टेबलावर ते "कन्नड किंवा इंग्रजीत आणा" म्हणून परत आलं. नोटरीकडून इंग्रजी भाषांतर आधीच जोडलं असतं तर महिना वाचला असता.

आणि नावं. जुन्या पुस्तिकेत मुंबई राज्याच्या कारकुनाने लिहिलेलं इंग्रजी स्पेलिंग, दाखल्यावर कन्नडवरून उतरलेलं दुसरंच. नावात "ज्ञ" असेल तर हमखास: मराठीवाला तो डी-एन-वाय लिहितो, कन्नडवाला जे-एन. कागदावर दोन वेगळी माणसं तयार होतात. "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी करून ठेवा.

नावावर करायचं नसेल, तर जमा केलेलं हत्यार रीतसर परवानगीने परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला देण्याचा मार्ग आहे, नाहीतर सरकारजमा. आमच्या घरी बैठक बसली. तिन्ही भाऊ म्हणाले, ठेवून करायचं काय? आत्या म्हणाली, आईच्या डोळ्यांदेखत तरी भंगारात नको. तडजोड म्हणून आम्ही ते सरकारजमा करायचा अर्ज दिला आणि आजीला फक्त "पोलिसांकडे सुरक्षित आहे" एवढंच सांगितलं. चामड्याचं म्यान मात्र परत मिळालं, कारण ते हत्यार नव्हे. खंडेनवमीला आता पाटावर तेच असतं.

## ९. पावती वाचून मगच घर गाठा

पावतीवर मेक, बोअर, नंबर, अवस्था आणि काडतुसांची संख्या पाहिजेच. आमच्या पहिल्या पावतीवर "एक जुने पिस्तूल" एवढंच होतं. नंबर नाही, दोन काडतुसांचा उल्लेख नाही, आणि रिव्हॉल्व्हरला पिस्तूल म्हटलेलं. दुरुस्त करून घ्यायला दोन फेऱ्या आणि एक लेखी अर्ज लागला. तोवर कागदोपत्री आजोबांचं रिव्हॉल्व्हर अजून आमच्याच घरी होतं.

पावतीच्या तीन झेरॉक्स काढा, एक परवान्याच्या पुस्तिकेत टाचून ठेवा. मूळ पावती मशिनच्या गुळगुळीत कागदावर असेल तर तिचं लॅमिनेशन करू नका, उष्णतेने ती काळी पडते.